कानाने चालणारे काम

काशीतील मंगला गौरीचा परिसर मराठी माणसाला परका वाटत नाही. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, समोरून कोणी आले तर भिंतीशी अंग चोरावे लागते अशा अरुंद गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. गौरीच्या मंदिरातच काशीच्या बारा आदित्यांपैकी मयूखादित्याचे स्थान आहे; परंतु गल्लीत ऊन क्षणभरच डोकावते. ही वस्ती ओळखावी ती तिच्या आवाजांवरून.

माझ्या आतेभावाने ती जन्मापासून तशीच ओळखली आहे. तो अंध आहे. आज सव्विसाव्या वर्षी तो ध्वनिमुद्रणाचे काम करून घराला हातभार लावतो. कीर्तने, व्याख्याने त्याच्याकडे येतात. त्यांतील खाकरणे, रेंगाळलेले विराम, पंख्याची घरघर काढून तो ती स्वच्छ करून देतो. भाषांतर आणि संपादन हा माझा व्यवसाय. नको ते गाळावे आणि बोलणाऱ्याला धक्का लागू देऊ नये, हेच आम्हा दोघांचे काम. फरक इतकाच की माझे कागदावर चालते, त्याचे कानात.

डोळ्यांवाचून संगणक कसा चालतो, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. पडद्यावर जे लिहिलेले असते ते ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली वाचून दाखवते आणि माऊसचे काम कळफलकावरील बटणांनी होते. पूर्वी अशा आज्ञावली फार महाग असत. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ची निर्मिती आरंभली, जेम्स तेह हा त्याचा सहकारीही अंधच. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. उच्चार थोडे राकट आहेत, पण सराव झाला की कानाला ते खुपत नाहीत.

ध्वनीच्या कामात मात्र एक निराळाच पेच पडतो. येथे वाचणारे यंत्रही बोलते आणि मुद्रित माणूसही बोलतो. दोघे एकत्र बोलू लागले तर काम कसे व्हावे? म्हणून यंत्राचा आवाज तो संगणकाच्या स्वतःच्या ध्वनिमार्गाने एका कानात घेतो आणि मुद्रण वेगळ्या जोडयंत्रातून ऐकतो. त्यामुळे यंत्राचे बोलणे मुद्रणात शिरत नाही. संकलनासाठी तो ‘रीपर’ वापरतो. त्याला जोडलेली ‘ओसारा’ ही पुरवणी कोणती पट्टी निवडली, आवाज किती ठेवला, आपण कोणत्या सेकंदावर आहोत, हे स्क्रीन रीडरकडून वदवते. तिच्या निर्मात्यांतही जेम्स तेह आहेतच. आत्याला मात्र हे नाव आपल्या ओसरीचेच वाटते.

हाताने फिरवायच्या साधनांचीही अशीच परीक्षा होते. दोन्ही टोकांना अडणारी खुंटी बोटांना आपले स्थान सांगते. अखंड गरगर फिरणारी खुंटी मात्र काहीच सांगत नाही. तिचा आकडा पडद्यावर उमटतो. सपाट काचेवर तर बोटांना धरायलाही काही नसते. उलट, स्वतः सरकून आपल्या जागी येणारी आवाजाची दांडी त्याला पुस्तकासारखी वाचता येते.

गेल्या वर्षी एका आज्ञावलीची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातील बटणांची नावेच नाहीशी झाली. चित्रे सुंदर होती; कानात मात्र ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येई. नावे परत यायला दोन महिने लागले. तेवढ्यात हातातले एक काम दुसरीकडे गेले. आत्या त्या दिवसांत म्हणे, “एखादी बिनघोरी नोकरी बघ रे बाबा.” त्यावर तो म्हणाला, “आई, मला काम येत नाही असे नाही. बटणांना नावे नाहीत, एवढेच.”

या उत्तरात सर्व प्रश्न सामावला आहे. बटणाला नाव देणे हे कारागिराला थोड्या वेळाचे काम. ते न दिल्यास दुसऱ्याची रोजी बुडते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने नित्याच्या वापराची विद्युत्-साधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, यासाठी उपाय योजण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. ही दयेची गोष्ट नव्हे. लुई ब्रेल यांनी १८२९ साली आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली तेव्हा अक्षरांबरोबर संगीतलेखनाचीही सोय केली होती. ते स्वतः ऑर्गनवादक होते. ज्याला काम करायचे असते, त्याला साधन कसे हवे ते नेमके ठाऊक असते.

म्हणून आपल्या घरी असे मूल असेल तर त्याच्या हाती यंत्र देण्यास कचरू नये. मात्र विकत घेण्यापूर्वी ते त्यालाच हाताळू द्यावे, त्याच्या बोटांना व कानांना विचारावे. दुकानदाराचे मत त्यानंतर.