चाल कुणाची?

जालन्यात मस्तगडाच्या जवळच आमचे घर. मस्तगड म्हणजे १७२५ साली बांधलेली जुनी गढी. परगावचा पाहुणा आला की हटकून विचारतो, "ही बांधली कुणी?" हुकूम निजाम-उल-मुल्काचा आणि काम काबील खानाचे, एवढे सांगून आम्ही मोकळे होतो. असाच एक प्रश्न १९७९ च्या गणेशोत्सवात आम्हा दोघा भावांना कुणीतरी विचारला आणि आमच्या घराची भिंत दुभंगली.

दादा पेटी वाजवी, मी ढोलकी. मेळ्यासाठी आम्ही एक गाणे बसवले होते. ते फार रंगले. खाली उतरताच एका गृहस्थांनी विचारले, "वा! चाल कुणाची?" आम्ही दोघेही एका दमात म्हणालो, "माझी!"

झाले! पेटी फळीवर गेली, ढोलकी खुंटीला. पुढे चुलीही वेगळ्या झाल्या. दिवाळीला फराळाची ताटे इकडून तिकडे जात, पण ती बायकांच्या हातून.

दादाचा मुलगा मात्र माझ्याकडेच पडलेला असे. कानांना यंत्र लावून तो 'ट्रान्स' नावाचे संगीत ऐके. मी ऐकून पाहिले. मिनिटाला सव्वाशे-दीडशे ठोके, अगदी एकसारखे! म्हटले, "अरे, हे संगीत की पिठाची गिरणी?" तो म्हणाला, "काका, हे जर्मनीतले डुडरश्टाट बंधू. डर्क आणि मार्को. त्यांच्या 'फ्रॅग्मा'चं गाणं २००० साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होतं." मी विचारले, "यात डर्कचं काय आणि मार्कोचं काय?" तो हसला. "ते कशाला बघायचं?"

मग २०१६ साली 'सैराट' आला. जालन्यात एकही वरात 'झिंगाट'वाचून निघेना. त्याचे संगीतकार अजय आणि अतुल गोगावले, सख्खे भाऊ. वडील महसूल खात्यात. शिरूर, जुन्नर अशा गावांतून बालपण गेलेले आणि संगीताचे रीतसर शिक्षण नाही. २००१ साली 'विश्वविनायक', पुढे 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार, आणि 'सैराट'साठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. पण मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. 'झिंगाट'चे शब्द दोघांचे, चाल दोघांची आणि गळेही दोघांचेच! मधली छोटी रेघ सोडली, तर नावसुद्धा एकच.

त्या रात्री वरात दारावरून गेली. मी ओट्यावर आलो, तर पलीकडच्या ओट्यावर दादा. त्याची बोटे कठड्यावर चालत होती आणि माझी मांडीवर. दोघांचा ठेका एकच पडत होता. सदतीस वर्षांनी दादा बोलला,

"पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला रे."

"ढोलकीची पुडीही सैल झालीय," मी म्हणालो.

आठ दिवसांनी भाता दुरुस्त होऊन आला. दादाने पेटीवर ती जुनी चाल काढली. अंतऱ्याला तो अडला, मी गुणगुणून दाखवले. पुढे मी विसरलो, त्याने धरून नेले. पुतण्या दारात उभा होता. म्हणाला, "झकास! चाल कुणाची?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरे सांगतो, दोघांनाही आठवेना.