वही आणि नजर

मुलांना खेळ शिकवणाऱ्यांत दोन तट दिसतात. एक म्हणतो, आकडे लिहा, आकडे खोटं बोलत नाहीत. दुसरा म्हणतो, खेळाडू ओळखायला वही नाही, नजर लागते. शाळेतल्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाबरोबर मैदानावर राहून माझं मत असं झालं आहे की दोन्ही लागतात, आणि एकाने दुसऱ्याला तपासत राहावं लागतं.

येलदरीत राहणाऱ्याला हे पटायला अवघड नाही. पावसाळ्यात धरण किती टक्के भरलं, हा आमच्याकडे रोजचा प्रश्न. तो टक्का खराच असतो. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतात पाणी पोहोचलं का, हे तिथे जाऊनच कळतं.

आता मैदानावर येऊ. सॉफ्टबॉलमध्ये हिटच्या संख्येला बॅटिंगच्या संधींनी भागलं की सरासरी मिळते. पिचरचे चार चेंडू बाहेरचे पडले आणि बॅटरने ते सोडले, तर पहिला बेस फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात, आणि ती खेप सरासरीत धरत नाहीत. आमच्या दोन मुली प्रत्येकी 15 वेळा बॅटिंगला आल्या. पहिलीच्या 5 हिट, वॉक एकही नाही, सरासरी.333. दुसरीला 5 वॉक मिळाले आणि उरलेल्या 10 खेपांत 3 हिट, सरासरी.300. मैदानाच्या कडेला उभे असलेले सगळे म्हणायचे, पहिली धडाकेबाज, दुसरी भित्री, बॅटच फिरवत नाही. पण बेसवर किती वेळा पोहोचली हे मोजलं, तर पहिली 5 वेळा आणि दुसरी 8 वेळा. ती भित नव्हती, वाईट चेंडू ओळखून सोडत होती. अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल संघाने 2002 साली कमी पैशांत संघ उभा करताना याच हिशेबाला महत्त्व दिलं होतं. 'मनीबॉल' हे गाजलेलं पुस्तक त्यावरच आहे. इथे आकड्याने नजरेला दुरुस्त केलं.

फिल्डिंगमध्ये उलटं होतं. वहीत जिच्या नावावर सर्वांत जास्त चुका, ती आमची शॉर्टस्टॉप. ती लांबच्या चेंडूवरही धावत पोहोचते, म्हणून कधी तो हातातून सुटतो. जी जागची हलत नाही, तिच्या हाताला चेंडू लागतच नाही आणि तिचा रकाना स्वच्छ राहतो. नुसती वही वाचणारा धावणाऱ्या मुलीला बसवील आणि उभी राहणारीला घेईल. रमजानमध्ये एका मुलीच्या हिट अचानक कमी झाल्या. दुपारच्या उन्हात रोजा ठेवून ती सराव करत होती, हे वहीत कुठे येणार? तिचा सराव सकाळी घेतला.

शिवाय 15 खेपा म्हणजे काय? कसोटी क्रिकेटमध्ये विनोद कांबळीची सरासरी 54.20 आहे आणि सचिन तेंडुलकरची 53.78. पहिली 17 कसोटींची, दुसरी 200 कसोटींची. शाळेच्या मुलींकडे तर एका हंगामात मोजक्याच खेपा असतात. एक चांगला दिवस सगळं गणित बदलतो.

तरीही मी वही सोडत नाही, आणि त्याचं कारण खेळापलीकडचं आहे. नऊ जणी मैदानात उतरतात, बाकीच्या बाहेर बसतात. माझ्या नावाच्या शिक्षकाने मुस्लिम मुलगी घेतली तर 'आपली घेतली' असं कोणी म्हणतं, आणि नाही घेतली तर मोहल्ल्यातून विचारणा होते. नजर कोणाचीच कोरी नसते. नाव, जात, घर, कोणाची लेक, हे सगळं तिच्यात उतरतं. अशा वेळी लिहिलेलं पान इन्साफाच्या कामी येतं.

कुरआनात सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, आणि त्याच आयतीत साक्षीदारही ठेवायला सांगितले आहेत. लिहिलं म्हणून साक्ष माफ होत नाही. मैदानावर मला हाच दाखला उपयोगी पडतो. म्हणून माझ्या वहीत आता आकड्यांशेजारी एक रकाना आहे. त्यात तारीख घालून जे दिसलं तेवढंच लिहितो: 'बाहेरचे तीन चेंडू सोडले', 'डावीकडे धावली, पोहोचली, सुटला'. 'चांगली', 'आळशी' असले शब्द त्यात लिहीत नाही.

परभणीच्या जिल्हा स्पर्धेसाठी त्या 'भित्र्या' मुलीला पहिल्या क्रमांकावर बॅटिंगला ठेवलं. तिच्या अब्बांचा तिला बाहेरगावी पाठवायला नकार होता. मी त्यांना ते पान दाखवलं. त्यांनी ते पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "ये हिसाब मेरे को नहीं समझता, सर. खेल कब है वो बोलो. मैं खुद आके देखता."

मी तारीख सांगितली.