चारशे यार्डांवरून

अहिल्यानगर

चि. भाच्यास,

तिकडच्या रेंजवर तू ठासणीची रायफल चालवायला शिकतो आहेस, असे ताईने सांगितले. इकडे ठासणीची बंदूक म्हटली की शेत आठवते. 1959च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख आहे. पण नेम बसवायला शिकणाऱ्याने आपल्या भुईकोट किल्ल्याची हकिगत वाचायलाच हवी.

8 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने शिड्या लावून नगरची पेठ घेतली. किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता आणि भोवती रुंद खंदक. दुसऱ्या दिवशी वेलस्लीने आसपासची जमीन पाहिली. संध्याकाळी त्याचा अधिकारी वॉलेस याच्या तुकडीने तटापासून 400 यार्डांच्या आत जागा धरली आणि रातोरात चार तोफांचा मोर्चा बांधला. 10 तारखेला उजाडताच मारा सुरू झाला. तो इतका परिणामकारक ठरला की किल्लेदाराने तोफा थांबवण्याची विनंती करून बोलणी लावली. 12 तारखेला चौदाशेंची शिबंदी बाहेर पडली.

इतके जवळ का जावे लागले?

तोंडाने भरायच्या त्या तोफांची नळी आतून गुळगुळीत. गोळा नळीपेक्षा थोडा लहानच लागतो, नाहीतर तो आत सरकत नाही. दारू पेटली की तो नळीला आपटत बाहेर येतो आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिच्या उलट झुकतो. हा धक्का गोलंदाजाच्या हाती नाही. दारूचे माप, नळीची उंची आणि अंतर एवढेच त्याच्या हाती. वेलस्लीने अंतर साधले, आणि माझ्या मते किल्ला तिथेच पडला.

त्याआधी अडीचशे वर्षे, 1549 मध्ये, याच नगरात मुहम्मद रूमीने मुलूखमैदान तोफ ओतली. वजन सुमारे 55 टन, तोंड दोन फुटांहून रुंद. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. 1565च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफांत तांब्याची नाणी भरून ती अगदी जवळ आलेल्या विजयनगरच्या सैन्यावर डागली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. तिथेही भिस्त जवळिकीवरच.

नळीत पिळाचे आटे आले आणि हे बदलले. 1853च्या एनफिल्ड रायफलीची गोळी सैल आत जाते, पण बार उडताच तिचे पोकळ बूड फुगून आट्यांत बसते आणि गोळी फिरत सरळ जाते. म्हणून तोंडानेच भरायच्या त्या रायफलीवर 900 यार्डांपर्यंतच्या खुणा कोरता आल्या.

तुझ्या रायफलीचेही तसेच. सुरुवात 25 यार्डांवरून कर. दारू दर वेळी त्याच मापाने, ठासणीचा दाबही तोच. प्रत्येक बारानंतर नळीतून ओली चिंधी फिरव, कारण काळ्या दारूची काजळी पुढची गोळी भरकटवते. तेल लावलेल्या नळीचा पहिला बार हिशेबात धरू नको. तीन गोळ्या एकत्र पडल्याशिवाय नेमाची खाच हलवायची नाही. मग मात्र गोळी जिकडे न्यायची तिकडेच मागची खाच सरकव. पुढची माशी याच्या उलट. माशी घासली की गोळी वर चढते, पण घासलेले परत येत नाही, तेव्हा कानस बेताने चालव. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि पडलेल्या गोळ्यांचे कागद तारीख घालून जपून ठेव.

आणि दारूच्या डबीतून थेट नळीत कधीच ओतू नको. आत ठिणगी राहिली असेल तर डबी हातातच पेटते. आधी मापात, मग नळीत.

तुझा,
मामा