किलो की क्विंटल?

थर्ड इयरला सरांनी डेटा एक्स्चेंज शिकवायला घेतलं तेव्हा मागच्या बाकावर आम्ही निवांत झोपलो होतो. दोन सॉफ्टवेअर एकमेकांना फाईल पाठवणार, त्यात शिकण्यासारखं काय?

2024च्या दिवाळीत नांदेडचं होस्टेल सोडून लातूरला मामांकडे गेलो. मामा एका सोयाबीन प्लांटवर दिवाणजी. तिथं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर वेगळं, हिशेबाचं वेगळं. काट्याची पावती बघून एक पोरगा सगळं पुन्हा टाईप करायचा. म्हटलं, मामा, एका दिवसात जोडून देतो! एक्सएमएल फाईल, पाच रकाने : नाव, गाडी नंबर, वजन, भाव, तारीख. जमलं की. मामांनी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी रेणापूरकडच्या एका काकांचा टेम्पो आला. वजन 2350, भाव 4300. बिल निघालं एक कोटी एक लाख पाच हजार! काटा किलोत बोलत होता, हिशेब क्विंटलमध्ये ऐकत होता. आणि गंमत म्हणजे फाईल एकदम व्हॅलिड. वजनाच्या रकान्यात आकडा हवा, आकडा होता.

"एवढ्यात तर अख्खा प्लांट त्यांच्या नावावर होईल," मामा म्हणाले. सगळे हसले. मग मालकांनी सगळ्यांचीच बिलं थांबवली, तेव्हा कुणी हसेना. काका पत्र्याखाली बसून. टेम्पोवाला वेटिंग मोजतोय. आमचे बाबाही दरवर्षी असेच कुठल्यातरी पत्र्याखाली बसतात, त्यामुळे मला तिकडं बघवेना.

नंतर होस्टेलवर शोधाशोध केली. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस 2020 साली आलं, त्याच्या फॉर्मॅटमध्ये वजनाशेजारी एककाचा वेगळा रकाना आहे आणि त्यात मनाला येईल ते लिहिता येत नाही. यादीतलाच कोड हवा. किलोला केजीएस, क्विंटलला क्यूटीएल. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारी यादीत मात्र आपल्या क्विंटलला डीटीएन म्हणतात, डेसिटन! म्हणजे तिथंही नुसता क्विंटल लिहून भागत नाही. एडिफॅक्ट हे मानक तर 1987चं. आमच्या जन्माआधीच लोक यावर भांडून मोकळे झाले होते, आणि मी वर्गात झोपलो होतो.

त्या दिवशी एककाचा सहावा रकाना घालून बिल निघेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. टेम्पोवाल्याने 300 रुपये जादा घेतले. मी द्यायला गेलो तर काकांनी हात धरला. "राहू दे, शिकतोयस." मग पट्टीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "तेवीस क्विंटल पन्नास किलो. बरोबर का रे बाळा?"