मोगऱ्याचा ताण

हाताशी पाणी असताना झाडाचं पाणी तोडायचं, हे मला दर वर्षी जड जातं. क्रम पाठ आहे. पौष सरता सरता मोगऱ्याचं पाणी बंद करायचं, माघात छाटणी उरकायची, उरलीसुरली पानं काढून टाकायची, आळं उकरून मुळांना थोडं ऊन दाखवायचं, शेणखत घालायचं आणि मग पाणी सोडायचं. फाल्गुनात फूट येते, चैत्रात कळी. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळं छाटणीबद्दल माझ्या मनात शंका नाही. मन अडतं ते पाणी तोडण्यापाशी. ज्या पाण्यावाचून या गावातली माणसं घरदार सोडून गेली, तेच पाणी हातात असताना झाडाला द्यायचं नाही?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण सहज म्हणून जातो. आमच्या विट्यात ही म्हण फार वर्षं अक्षरशः खरी होती. खानापूरचा घाटमाथा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असतो आणि इथं ढग नुसते वरून जातात. येरळा नदी पावसाळ्यात वाहिली तर वाहिली. मार्चमध्ये आडाच्या तळाशी पोहरा खडकावर आपटायचा. असल्या गावात ही म्हण कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पण फाल्गुनात परसातल्या कडुलिंबाखाली उभं राहिलं की म्हण डळमळते. वळवाला अजून महिना-दीड महिना असतो. जमीन वरून तापून भुसभुशीत झालेली असते. लिंबाची जुनी पानं पिवळी पडून गळतात आणि पाठोपाठ तांबूस, तकतकीत पालवी फुटते. त्यातलंच एक पान खुडून उन्हात धरलं तर आरपार दिसतं, इतकं कोवळं. पाडव्याला आपण हीच पालवी गुळाबरोबर खातो. आडात नसताना हे आलं कुठून?

वनस्पतिशास्त्राचं याला उत्तर आहे. कोरड्या प्रदेशातली अशी झाडं पानगळ करतात तेव्हा पानांवाटे उडून जाणारं पाणी थांबतं. खोल मुळं मात्र हळूहळू ओल खेचत राहतात आणि खोड आतून पुन्हा भरतं. दिवस मोठा होऊ लागला की त्या साठ्यावर पालवी येते. म्हणजे आड होताच, तो खोडात होता. आणि तो भरला तो झाडानं पानं सोडली म्हणून. म्हण खोटी ठरत नाही, पण आड कुठं आहे हे वरून दिसत नाही, एवढं तिच्यात राहून गेलं आहे.

डाळिंबवाल्याला हे कधीचं माहीत आहे. आमच्या शेजारच्या आटपाडी भागात आंबे बहार धरायचा तर बागेला आधी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. हलक्या, मुरमाड रानात ताणाचे दिवस कमी, काळ्या भारी रानात जास्त. पानं पिवळी पडून गळू लागतात, शेंड्याची वाढ थांबते, आणि वाढीत खर्च झालं असतं ते अन्न काडीत साठतं. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी, तेही हलकंच. एकदम भरपूर पाणी दिलं तर आलेला बहार गळतो. ताण कमी पडला तर नुसता पाला माजतो, फूल दिसत नाही. ताण जास्त झाला तर काडीच वाळते. या दोन्हींच्या मधली जागा जाणता बागाईतदार पानाच्या रंगावरून ओळखतो.

इथवर आलं की बाग बाजूला राहते आणि मी माणसांकडं वळतो. इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. दक्षिणेत केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेतल्या शहरांपर्यंत, सराफ बाजाराच्या गल्लीत कुठंतरी खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला सापडतो. कुणी यात्रेला गावी येतो, कुणी दिवाळीला, बांधलेलं घर उघडतो, चार दिवसांनी कुलूप लावून जातो. त्यांच्याकडून एक वाक्य नेहमी ऐकू येतं: दुष्काळ नसता तर आम्ही गाव सोडलंच नसतं आणि हे दिवस बघितले नसते. म्हणजे हाही ताणच, आणि त्यानंतरचा बहार.

हे वाक्य मला पटतं, आणि पटलं की भीती वाटते. 1972च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या, मिलोची भाकरी खाल्लेल्या माणसांचा बहार कुठं मोजायचा? बागेला ताण देणारा रोज फेरी मारतो, काडी वाळायच्या आत पाणी सोडतो. दुष्काळात असं पाणी सोडणारा कुणी नव्हता. ज्यांची काडी वाळली ती माणसं आज दुष्काळाचे आभार मानायला नाहीत. बहार आलेल्यांनीच ताणाची गोष्ट सांगायची, तर ती गोष्ट पुरी होत नाही.

याच खानापूर तालुक्यात बलवडीच्या लोकांनी ताण गोड मानून घेतला नाही. येरळेवर त्यांनी लोकांच्या ताकदीवर बळीराजा धरण उभं केलं आणि पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क सांगितला. पुढं कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून या माथ्यावर आलं. आडात नव्हतं, तरी पोहऱ्यात आलं. त्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. त्या लढ्यापुढं माझा मोगऱ्याचा विचार फार लहान आहे, हे मला कळतं. तरीही आळ्यापाशी बसलं की दोन्ही एकत्रच आठवतं. ताणानं बहार येतो हे झाडाबद्दल खरं आहे. माणसाबद्दल ते किती खरं, हे मला पूर्वी ठाऊक आहे असं वाटायचं. आता तेवढी खात्री राहिलेली नाही.

कामं मात्र थांबत नाहीत. चैत्र आपल्याकडं झाडं जगवायचा महिना आहे, नवी लावायचा नव्हे. नवी रोपं मृगाला लावावीत. दोडका, भोपळा, गवार, भेंडी माघातच टोकून झाली असतील तर ठीक. लिंबाचा पडलेला पाला जाळू नका, तोच आळ्यात चार बोटं जाड अंथरा. पाचट मिळालं तर तेही चालेल. पाणी संध्याकाळी द्या. मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर होळीच्या आत उरका.

आणि लिंबू किंवा डाळिंब कुंडीत असेल तर त्याला जमिनीतल्या झाडासारखा ताण देऊ नका. जमिनीतल्या झाडाचं मूळ ओल शोधत खोल जातं. कुंडीतल्या झाडाला खाली जायला जागाच नसते.