सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे

आमचं घर तिकोणा पेठेत, किल्ल्याच्या पायथ्याला. लेक पुण्यात लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. सुट्टीला आली की चुलीपाशी बसून भरभरून बोलायची. गेल्या पावसाळ्यात आली ती मात्र गप्पच. रात्री म्हणाली, "अम्मी, मी नोकरी सोडते."

महिनाभर तिने एका बाळाला सांभाळलं होतं. ते वाचणार नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तरी रोज सुया, रोज नळ्या. "त्याला दुखतंय हे मला दिसत होतं आणि दुखवणारे हात माझेच होते," ती म्हणाली.

आम्ही दोघं लगेच म्हणालो, "बेटा, सब्र कर. अल्लाहची मर्जी." ती उठून आत गेली. आमचे शब्द खोटे नव्हते, पण आम्ही ते तिला गप्प करायला वापरले.

फज्रनंतर आठवलं. पैगंबरांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम गेले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, हे लहानपणी आम्हीच तिला सांगितलं होतं. मग तिचे अश्रू आम्ही का अडवले?

चहा घेऊन तिच्याजवळ बसलो. एवढंच म्हणालो, "सांग, काय झालं?" ती दोन तास बोलत होती.

तिच्याकडूनच कळलं, या दुखण्याला नाव आहे: नैतिक घुसमट. १९८४ साली अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने परिचारिकांबद्दल लिहिताना ते मांडलं. योग्य काय ते कळतं, पण परिस्थिती ते करू देत नाही. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळं गेली. तेव्हा आम्ही आईबापांसाठी दुआ केली; त्या बाळांना सांभाळणाऱ्या नर्सचा विचारही मनात आला नव्हता.

लेक परत गेली आणि वरिष्ठ सिस्टरांशी बोलली. आता एखादं मूल गेलं की सगळे दहा मिनिटं एकत्र बसतात. डॉक्टर आईबापांशी बोलतात तेव्हा नर्सही हजर असते. मुलाला वेदना होताहेत का, हे तिला विचारलं जातं.

काही रात्री तिला अजूनही जड जातात. मग ती फोन करते. आम्ही उपदेश करत नाही, ऐकतो. आपल्या घरातही अशी लेक-सून असेल, तर आधी तिचं ऐका. सब्राची गोष्ट नंतर सांगा.