विहिरीतला फुटबॉल

आमच्या धाराशिवकडे 'विहिरीत फुटबॉल अडकला' असं कुणी म्हणालं, की पुण्या-मुंबईच्या नातवंडांना पोरांचा खेळ आठवतो. तो फुटबॉल नव्हे, मंडळी! विहिरीवरच्या पंपाचा जो पाइप पाण्यात सोडलेला असतो, त्याच्या बुडाशी एक झडप असते, फूट व्हॉल्व्ह. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचा फुटबॉल झाला आणि तोच शब्द रुळला.

या झडपेचं काम एवढंच. पाण्याला वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही. मोटार बंद असतानाही पाइप भरलेला राहिला पाहिजे, कारण पंप पाणी 'ओढतो' हे खरं नाही. पंप फक्त पाइपातला दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा ते वर ढकलते. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण खेड्यातल्या शाळेत विज्ञानाचे गुरुजी रजेवर गेले की तोही तास घ्यावा लागे. इटलीच्या टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याचा प्रयोग केला. त्या हिशेबाने हवा पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलते. शेतात ६-७ मीटर मिळाले तरी पुष्कळ. म्हणून तर पाणी खाली गेलं की मोटारही विहिरीत खाली उतरवावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, त्या साली आमच्या विहिरीतला फुटबॉल कोरड्या खडकावर टेकला होता.

आमच्या वडिलांच्या मोटेला असली झडप नव्हती. मोटेची चामड्याची सोंड सोंदुराने वर धरलेली असे, त्यामुळे पाणी सांडत नसे. थारोळ्यावर आली की सोंड पुढे ओढली जाई आणि पाणी भदाभदा ओतलं जाई. झडपेचं काम ती सोंडच करी.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या हरभऱ्याला पाण्याची पाळी होती. शेतीच्या लाईटची त्या आठवड्यात रात्रपाळी. अकराच्या सुमारास पुतण्याचा फोन आला.

"नाना, मोटार फिरतीय पण पाणी उचलंना."

"पंपात पाणी ओतून बघितलंस का?"

"चार बादल्या वतल्या. सगळं खाली जातंय."

म्हणजे दुखणं कळलंच. ओतलेलं पाणी तोंडापर्यंत थांबलं, तर झडप लागते आहे. खाली जात राहिलं, तर ती उघडी अडकली आहे किंवा पाइप गळतो आहे. किरकोळ गळती असेल तर शेणकाला ओतून भागतं, चार बादल्या गेल्यावर नाही. आणि अशी कोरडी मोटार फिरवत ठेवली, तर आतलं सील तापून जळतं. मी त्याला आधी ती बंद करायला लावली.

"मी उतरतो की. बुडी मारून झडप हलवली का झालं. धा मिन्टाचं काम हाय."

"उतरायचं नाही."

"सकाळी लाईट जाईल, नाना!"

"जाऊ दे. हरभरा एक दिवस थांबतो."

तो जरा घुश्श्यातच घरी आला. पण मला दिसत होतं ते वेगळंच. शेवाळलेल्या पायऱ्या, गार पाणी, काठावर कुणी नाही. शिवाय स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट गेली आणि परत आली की मोटार आपोआप सुरू होते. माणूस पाण्यात आणि हात पाइपावर... पुढचं लिहवत नाही.

सकाळी आधी फ्यूज काढून मी माझ्या खिशात ठेवले. मग शेजारचे दोघे आले, कासरा बांधून पाइप वर ओढला. पाण्यात कुणाला शिरावंच लागलं नाही. जाळीचा एक कोपरा गंजून फाटला होता. तिथून बोटभर तुराटीचा तुकडा शिरून झडपेखाली आडवा बसला होता. पाच अश्वशक्तीची मोटार त्या काडीपुढे हतबल! काडी काढली, रबर पाहिलं, नवी जाळी तारेने आवळली आणि पंप भरून चालू केला. पुढच्या पाळीत हरभरा भिजला.

हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा बोटीवर नोकरीला असलेला आमच्या मेव्हण्याचा नातू हसला. म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे पण हेच!" इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी बोटीच्या तळातून आत घेतात. तिथेही जाळी असते आणि झडप असते. ती वापरात नसली तरी अधूनमधून फिरवावी लागते, नाही तर क्षारांनी गच्च बसते. मग पाइप फुटला आणि झडप बंद होईना, तर समुद्रच आत येतो. त्यांना पाणी आत येण्याची भीती, आम्हाला ते परत जाण्याची.

फरक एवढाच, की त्यांच्याकडे झडप तपासण्याची वहीत नोंद ठेवतात. आमच्याकडे फुटबॉलची आठवण पाणी बंद झाल्यावरच होते. म्हणून घरातल्या पोरांना मी तीन गोष्टी सांगून ठेवल्यात. दसऱ्याला अवजारं पुजता ना, त्याच्या आधी पाइप वर काढून जाळी बघा. फ्यूज खिशात असल्याशिवाय पाइपाला हात नाही. आणि रात्री विहिरीत उतरायचं नाही, पीक कितीही सुकत असलं तरी.

पीक पुढच्या साली पुन्हा पेरता येतं. असो.